मिस व्हर्डेलचा मंगळवारचा वर्ग

बँकेचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तोंड विटाळेल, आणि माझ्या दुकानात आत्ता दोन बायका केस धुऊन बसल्यात, त्यांच्यासमोर मला शिव्या द्यायच्या नाहीत. मी आर्नेथा. क्लीव्हलंडच्या पूर्वेला, हॅम्लिन रस्त्यावर, बायकांचे केस करते. नाव घ्यायचंच झालं तर मिस व्हर्डेल पेटिफर्ड यांचं घेईन, आणि उभं राहून घेईन. आमच्यात थोरल्या बाईला मानानं मिस म्हणतात, लग्न झालेलं असलं तरी.

चौतीस वर्षं त्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. जेवणाच्या खिडकीतून ताट सरकवताना त्या पोराकडे नुसतं बघायच्या, आणि पोरगं आपणहून टोपी काढून खिशात घालायचं. मीसुद्धा काढलेली आहे. बुटक्या, ऐसपैस, चालताना उजवा पाय जरा ओढायच्या. आवाज असा, की चर्चमध्ये त्यांना माइक दिला तर लोक हात जोडायचे, नको म्हणून.

राहायच्या भाड्यानं. घरमालक मिस्टर साबो, हंगेरीहून आलेला म्हातारा. आम्ही काळी माणसं राहायला आलो म्हणून आमच्या भागातून गोरे लोक घरदार उचलून शहराबाहेर पळाले तेव्हा हा एकटा मागे राहिला, निम्मा हट्टापायी आणि निम्मा चिकटपणापायी. पण ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्यांनी राम म्हटला आणि लेकाकडे जाऊन राहायचं ठरलं. तो मिस व्हर्डेलना म्हणाला, "बाई, तेवीस वर्षं तुम्ही पहिल्या तारखेला भाडं दिलंत. घर तुम्हीच घ्या. एक वर्ष थांबतो. त्यानंतर जो येईल त्याला देईन, मग माझ्यावर रुसू नका."

मिस व्हर्डेलनी बँकेत अर्ज केला. कोपऱ्यावरचीच शाखा. त्यांचा पगार जन्मभर तिथंच जमा होत होता. जूनमध्ये बँकेनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या. एका ओळीचं पत्र: तारण ठेवायच्या मालमत्तेचं मोल पुरेसं नाही.

आता ऐका. त्याच शाळेत फरशा पुसणारा डेनिस होता. गोरा. पगार त्यांच्याहून कमी, नोकरी सहा वर्षांची. त्याला ह्याच बँकेनं शहराच्या पश्चिमेला घरासाठी कर्ज दिलं, आणि त्या घराचं छप्पर गळत होतं! आम्हाला कसं कळलं? डेनिसनंच सांगितलं, खुशीत, सगळ्यांना केक वाटत. माणूस वाईट नव्हता बिचारा. म्हणून तर जास्त झोंबलं.

ते पत्र घेऊन मिस व्हर्डेल माझ्या खुर्चीत येऊन बसल्या.

"आर्नेथा, वाच."

"वाचलं. नाही म्हणतायत."

"ते मलाही कळतं गं. का नाही म्हणतायत, ते कुठंय ह्यात?"

"मिस व्हर्डेल, का ते कधी सांगतात का? माझ्या बापाला नाही म्हणाले. तुमचा भाऊ लढाईवरून गणवेशात परत आला, त्याला नाही म्हणाले. इथं कर्ज द्यायचं नाही म्हणून आपल्या रस्त्यांवर त्यांनी नकाशात लाल रंग फासला तेव्हा माझा जन्मही नव्हता झाला. सोडा."

"सोडू काय? अजून धरलंय कुठं मी?" त्या म्हणाल्या, आणि अर्धे केस ओले तसेच टाकून उठून गेल्या.

दीड महिना त्या रोज वाचनालयात जाऊन बसत होत्या. तिथं त्यांना एक कायदा सापडला. ज्या वस्तीच्या ठेवी बँक घेते, त्या वस्तीला तिनं कर्जही द्यायला हवं. ती देते की नाही हे लोकांना बघता यावं म्हणून तिनं एक फाइल ठेवायची आणि कुणीही मागितली तरी दाखवायची. कुणीही म्हणजे कुणीही. लोकांनी बँकेबद्दल पत्र लिहिलं तर तेही त्या फाइलीत लावायचं, फेकायचं नाही. पंधरा वर्षं झाली होती कायद्याला, आणि आमच्या रस्त्यावर एका माणसाला पत्ता नव्हता. सांगणार कोण? ज्यानं चोरी केली तोच दिवा धरणार होय?

मिस व्हर्डेल शाखेत गेल्या. "मला लोकांसाठीची फाइल बघायचीय."

खिडकीतली पोरगी गोंधळली. मॅनेजर आला. "असं काही आमच्याकडे नसतं, मॅडम."

"असतं. शोधा." त्यांनी खुर्ची ओढली, पिशवीतून थर्मास आणि सँडविच काढलं आणि सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत ठाण मांडलं. "मला घाई नाही. तीनशे पोरांच्या तोंडात घास पडेपर्यंत थांबायची सवय आहे मला."

चार वाजता फाइल सापडली. कॉफीच्या कपांच्या खोक्याखाली होती. आत तीन वर्षांतली लोकांची चार पत्रं. चारही कौतुकाची, आणि त्यातली दोन एकाच दातांच्या डॉक्टरची!

तिथून तो वर्ग सुरू झाला. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला, चर्चच्या तळघरात. मिस व्हर्डेलनी अकरा पानांचं पुस्तक तयार केलं. लिहिलं त्यांनी, टाइप केलं मी, प्रती काढल्या चर्चच्या मशीनवर. पान एकवर फाइल कशी मागायची. पान दोनवर, नाही म्हणाले तर काय करायचं. पान तीनवर पत्र कसं लिहायचं. पान सातवर, काय काय बघून कर्ज नाकारता येत नाही: रंग, धर्म, बाई आहे म्हणून, वय झालं म्हणून. मुखपृष्ठावर एकच शब्द होता: मागा.

पहिल्या मंगळवारी नऊ जण आले. आमच्या चर्चच्या पंचांपैकी एक, डीकन मेबरी म्हणाले, "व्हर्डेल, सत्तरी उलटली माझी. आता मला शाळेत घालतेस?"

"शाळेत होतात तेव्हा मागच्या बाकावर झोपा काढल्यात, डीकन. तेच भरून काढतोय. बसा."

आकडे सरकारी, वाचनालयात मिळणारे. बँकेनं कुठल्या भागात घरांसाठी किती कर्जं दिली ते. पण आकडा वाचून दाखवला की आमची माणसं जांभया द्यायला लागायची. म्हणून मिस व्हर्डेलनी स्वयंपाकघरातला उपाय काढला. शहराचा मोठा नकाशा लांब टेबलावर पसरला आणि तांदळाची पिशवी फोडली. एका कर्जाला एक दाणा, डिंकानं चिकटवायचा. पश्चिमेला चिकटवता चिकटवता आमची बोटं एकमेकांना चिकटली. दोन मंगळवार गेले. पश्चिम भाग पांढराफेक झाला, रस्त्यांची नावं दिसेनात. मग आमच्या भागाची पाळी आली. मिस व्हर्डेलनी दोन दाणे ठेवले आणि पिशवीचं तोंड बांधलं.

डीकन मेबरींनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "हे दोघं कोण?"

"एक दातांचा डॉक्टर," मी म्हटलं. "दुसरा प्रेतं नेणारा."

हसलो आम्ही. मग हसू आपोआप थांबलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं असेल. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, बँकेनं हाकललं म्हणून." त्या दिवसापासून तळघरात खुर्च्या कमी पडायला लागल्या.

पत्रं मात्र आमच्या अंगाशी आली. आमच्या चर्चची एक रीत आहे. साक्ष द्यायला, म्हणजे आपलं सुखदुःख सगळ्यांसमोर सांगायला, उभं राहिलं की आधी देवाचे आभार, मग पाद्रीबाबांचे, मग डीकन मंडळींचे, सगळ्या भगिनींचे, आणि मग दुखणं काय ते सांगायचं. आभार न मानता कुणी तोंड उघडलं तर म्हाताऱ्या बायका हातातले पंखे थांबवून बघतात. मिस व्हर्डेल त्याच चर्चमध्ये वाढलेल्या. पान तीनवर त्यांनी लिहिलं: आधी आभार माना, कुणी आपल्याला उद्धट म्हणायला नको. मग काय, फाइलीत त्रेचाळीस पत्रं गेली आणि त्रेचाळीसही एकाच वाक्यानं सुरू झाली: "आमच्या रस्त्यावर इतकी वर्षं शाखा चालवल्याबद्दल आम्ही बँकेचे मनापासून आभारी आहोत." दुसऱ्या वाक्यात खरं ते लिहिलं होतं, आम्हाला कसं परत पाठवलं ते.

त्या हिवाळ्यात ही बँक दुसरी एक बँक गिळायला निघाली. त्यासाठी सरकारची परवानगी लागते, आणि परवानगीआधी लोकांचं म्हणणं ऐकतात. मार्चमध्ये शहराच्या मध्यावर सरकारी इमारतीत सुनावणी ठेवली. आम्ही चर्चच्या बसनं गेलो, रविवारच्या टोप्या घालून, छत्तीस माणसं. साबोनं दिलेल्या वर्षाचे तेव्हा पाच आठवडे उरले होते.

सकाळी बँकेचा उपाध्यक्ष उभा राहिला. गुळगुळीत माणूस. म्हणाला, "पूर्व भागातल्या रहिवाशांची त्रेचाळीस पत्रं आमच्याकडे आहेत. त्यांच्या भावना त्यांच्याच शब्दांत ऐका." आणि एकामागून एक सात पत्रं वाचली. फक्त पहिलं वाक्य! आभारी आहोत. मनापासून आभारी आहोत. समोरचे अधिकारी माना डोलवत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. शेजारी पाहिलं तर मिस व्हर्डेलचा चेहरा राखेसारखा झालेला.

"पान तीन," त्या पुटपुटल्या. "ते माझं वाक्य आहे, आर्नेथा. मी शिकवलं सगळ्यांना."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. तोच उपाध्यक्ष हसत हसत आला.

"मिसेस पेटिफर्ड ना? तुमचा अर्ज मी सकाळी मागवून घेतला. आमच्याकडून जरा गडबड झालेली दिसते. सोमवारी या, मंजूर करून टाकू. म्हणजे मग दुपारी तुम्हाला बोलायचा त्रास घ्यायलाही नको, नाही का?"

मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला असेल. घर! पाच आठवडे उरलेत आणि घर चालत दारात आलंय!

"आणि बाकीचे बेचाळीस?" मिस व्हर्डेलनी विचारलं.

"त्यांचं बघू ना सवडीनं."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्याला वाटलं होकार आला. खरं सांगते, मलाही तेच वाटलं, आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

दुपारी त्यांचं नाव पुकारलं. पाय ओढत गेल्या. माइक बाजूला सारला.

"माझं नाव व्हर्डेल पेटिफर्ड. आज मी कुणाचेही आभार मानणार नाही. लिहून मानले होते, त्याचं काय झालं ते सकाळी बघितलं. ह्या साहेबांनी सात पत्रं वाचली आणि सातही पहिल्या ओळीला सोडून दिली. आमच्या शाळेतल्या पोरानं असं वाचलं असतं तर त्याला त्याच वर्गात परत बसवलं असतं. चूक माझीही आहे. आभारांपासून सुरू करा, असं मीच सगळ्यांना सांगितलं. आम्हाला वाटलं, आपण रीत पाळली तर समोरचाही पाळेल."

सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितलं. तीन मिनिटं असतात प्रत्येकाला.

"आणखी एक. नऊ महिने माझ्या घराचं मोल पुरेसं नव्हतं. आज दुपारी सव्वाबाराला, ह्या दाराबाहेर, ते एकदम पुरेसं झालं. मधे मी घराला रंगसुद्धा दिलेला नाही. ह्या साहेबांनी माझं कर्ज मंजूर केलं, फक्त मी आता इथं उभं राहायचं नाही. हे लिहून घ्या."

सगळ्या दालनात हशा आणि गलका झाला. उपाध्यक्ष लालबुंद. अध्यक्षबाईंनी हातोडी आपटली. "मिसेस पेटिफर्ड, म्हणजे तुम्ही तुमचा अर्ज मागे घेताय का?"

"मी का मागे घेऊ? अर्ज माझ्या हक्काचा आहे, तो राहू द्या. पण तोंड शिवून घ्यायच्या बदल्यात घर मला नको."

पुढचं नाव पुकारलं. डीकन मेबरी! ते चपापले. ते तर टाळ्या वाजवायला आले होते. झालं होतं असं, की दाराशी एक वही ठेवलेली होती. आमची माणसं, दाराशी वही दिसली की पाहुण्यांच्या वहीसारखी मुकाट्यानं सही करून आत जातात. ती बोलायला नाव देणाऱ्यांची वही होती. छत्तीसच्या छत्तीस जणांनी नाव लिहिलं होतं.

"डीकन," मिस व्हर्डेल जागेवरून म्हणाल्या, "तुमचं दुसरं वाक्य सांगा."

डीकन मेबरी टोपी कुस्करत उभे राहिले. "दुसरं वाक्य," ते म्हणाले. "एक्क्याऐंशी साली छपरासाठी कर्ज मागितलं, तर अर्जाचा कागदसुद्धा दिला नाही. तेव्हापासून आम्ही मधल्या खोलीत बादली ठेवून झोपतो." आणि बसले.

मग एकेक जण उठला. कुणी एकच वाक्य बोललं, कुणी तीनही मिनिटं घेतली, एक बाई नुसती आपल्या घराचा पत्ता सांगून रडली. मी काय बोलले ते मला आठवत नाही. ओरडले एवढं नक्की, कारण माझा घसा दोन दिवस बसला होता. साडेपाच वाजले. उपाध्यक्षाला उठून जाताही येईना.

बसमध्ये सगळे गात होते. मी नव्हते गात. माझं डोकं फिरलं होतं.

"हातात आलेलं घर लाथाडलंत! आता राहणार कुठं? तत्त्वाच्या छपराखाली?"

"बेचाळीस जणांच्या डोक्यावर पाय देऊन त्या घरात शिरायचं, पोरी? झोप लागली असती का मला तिथं?"

"मला लागली असती!" मी म्हटलं, आणि आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आजही विचाराल तर सांगते, मला तेव्हा पटलं नव्हतं.

सरकारनं बँकेची परवानगी अडवून धरली. आमच्या भागात कर्जं द्यायची, शाखेत त्यासाठी माणूस बसवायचा, हे सहीशिक्क्यानिशी कबूल केलं तेव्हाच तिला पुढे जाऊ दिलं. पण त्याला पानगळ उजाडली. साबोनं वर्षावर आणखी तीन आठवडे वाट पाहिली, तेवढं पुण्य त्याच्या पदरी घालते. मग त्याच्या लेकानं घर परगावच्या एका माणसाला रोख विकलं, आणि त्यानं आत पाऊलही न टाकता मिस व्हर्डेलना निघा म्हणून नोटीस लावली. तेवीस वर्षांचा संसार आम्ही माझ्या वरच्या मजल्यावर चढवला. मी जिन्यात रडत होते आणि त्या बँकेच्या सात पिढ्या उद्धरत होते. मिस व्हर्डेल काही रडल्या नाहीत. "तो दिवा नीट धर," म्हणाल्या. "आणि पान तीन परत टाइप करायचंय. आधी तक्रार, आभार काम झाल्यावर."

कर्जं यायला लागली. पहिलं डीकन मेबरींच्या छपराचं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत एकोणीस झाली, आणि एकोणीसही जणांना मिस व्हर्डेलनी स्वतः खिडकीपर्यंत नेलं, पिशवीत सँडविच घेऊन. मग माझ्या समोरचं घर विकायला निघालं. लहान, पुढचा ओटा खचलेला. तेव्हा त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी परत अर्ज केला.

मी बरोबर होते. नवा कर्जवाला आमच्यातलाच होता, डेट्रॉइटहून आलेला, टाय घट्ट बांधलेला तरुण. मान वर न करता म्हणाला, "मॅम, हे तीस वर्षांचं कर्ज आहे. ते फिटेल तेव्हा तुम्ही नव्व्याण्णव वर्षांच्या असाल."

"माझी आजी एकशेदोन वर्षांची होऊन गेली, आणि आदल्या दिवशीपर्यंत भांडत होती. ते राहू दे. माझं वय बघून तू नाही म्हणतोयस?"

"तसं नाही, मॅम, फक्त..."

"मग जसं आहे तसं मला कागदावर लिहून दे, बाळा. खाली तुझी सही कर."

पोरगा फाइल घेऊन आत गेला. वीस मिनिटं आतून नुसता टेलिफोनवरच्या बोलण्याचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा त्यानं सह्यांचे कागद समोर ठेवले आणि स्वतःचं पेन उघडून दिलं.

चावी मिळाली त्या दिवशी मी आणि डीकन मेबरी खोकी घेऊन त्यांच्या मागोमाग आत शिरलो. घर रिकामं, पावलं घुमत होती. मिस व्हर्डेलनी कोट काढला नाही, टोपीही काढली नाही. पर्समधून हातोडी आणि एक भला मोठा खिळा काढला आणि समोरच्या भिंतीत, बरोबर मधोमध ठोकायला सुरुवात केली. साबोनं तेवीस वर्षांत एक खिळा ठोकू दिला नव्हता, गिलावा पडेल म्हणायचा. इथंही पडला, मूठभर, त्यांच्या बुटांवर.

"अहो, टांगायचंय काय तिथं?" मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि आणखी एक घाव घातला. "भिंत माझी आहे."